‘कॉपी-पेस्ट बंद पडलंय’: एका पतसंस्थेच्या अहवालाचं प्रकरण

पार्श्वभूमी

खानापूर तालुक्यातली एक लहान पतसंस्था. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. सभासद बहुतेक मराठी, भात-ऊस-काजूवाले शेतकरी; थोडी कन्नड घरं. पिग्मी, सोनेतारण आणि पीककर्ज एवढाच व्यवहार. सप्टेंबरात वार्षिक सभा होते आणि तिच्या आधी सभासदांच्या हातात अहवाल पडावा लागतो. निबंधक कार्यालयाशी पत्रव्यवहार कन्नडमधून, सभासदांशी मराठीतून आणि बँकेला जाणाऱ्या याद्या इंग्रजीतून. बेळगावच्या सीमाभागात यात कुणाला काही विशेष वाटत नाही, पण क्लार्कच्या एकाच स्क्रीनवर दिवसभर तीन लिप्या नाचत असतात हे पुढचं समजायला लक्षात ठेवावं लागेल.

ऑफिसात दोन कॉम्प्युटर. मॅनेजरच्या टेबलावर जुना डेस्कटॉप. त्यावर संस्थेचं हिशेबाचं सॉफ्टवेअर, आणि ते पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस अडचण आली की हुबळीहून रिमोटने त्यात शिरतो. क्लार्क ताईंना यंदाच नवा लॅपटॉप मिळालेला. त्यांच्या जुन्या मशीनवरचा ‘अहवाल’ नावाचा फोल्डर पेनड्राइव्हने लॅपटॉपवर आणला होता. तो फोल्डर आणला, फॉन्ट मात्र आणले नाहीत.

बेळगावच्या छापखान्याने आधीच बजावलं होतं: मजकूर गणेश चतुर्थीच्या आधी द्या, नंतर आम्ही मंडळांच्या वर्गणी-पावत्या आणि पत्रिकांतून डोकं वर काढणार नाही.

तक्रार

मॅनेजरांचा फोन आला तो असा: “सर, कॉपी-पेस्टच बंद पडलंय बगा. दोन्ही मशीनला. व्हायरस आलाय म्हणतात. अहवाल आडलाय की सगळा.”

‘म्हणतात’ म्हणजे गावातला दुरुस्तीवाला मुलगा म्हणत होता. त्याने दोन्ही मशीन फॉरमॅट करायचा सल्ला देऊन ठेवला होता आणि मॅनेजर जवळजवळ तयार होते. फोनवरच त्यांना एक विनंती केली: फॉरमॅट थांबवा, आणि काय कॉपी केलं, कुठून, कुठे, आणि तिथे काय उमटलं याचे फोटो काढून पाठवा.

फोटो आले आणि गाठ निम्मी सुटली. पहिल्या फोटोत डेस्कटॉपवर एक्सेलचा संदेश होता: क्लिपबोर्डवर (कॉपी केलेलं पेस्ट होईपर्यंत राहतं ती जागा) जागा मोकळी करता आली नाही, दुसरा एखादा प्रोग्रॅम तो वापरत असावा. दुसऱ्यात व्हॉट्सॲपच्या खिडकीत चेअरमनसाहेबांचं मनोगत इंग्रजी अक्षरांच्या कचऱ्यासारखं पसरलेलं. तिसऱ्यात एक कन्नड पीडीएफ. त्यावर माउस ओढला तरी एकही अक्षर निळं होत नव्हतं. या तीन तक्रारींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. माणूस मात्र तिन्हीला ‘कॉपी-पेस्ट बंद’ हे एकच नाव देतो, आणि ते एकदा दिलं की इलाजही एकच शोधला जातो. फॉरमॅट हा तसा इलाज.

चौथी अडचण कुणाच्याच फोटोत नव्हती. तिच्याकडे पुढे येतो, कारण या सगळ्यात खरी धास्ती घ्यावी अशी तीच होती.

कुठे तुटतंय हे आधी

ऑफिसात गेल्यावर पहिली परीक्षा नोटपॅडची. नोटपॅडमध्ये दोन शब्द टाइप करायचे, कॉपी करायचे, तिथेच खाली पेस्ट करायचे. हे जमलं तर विंडोजचं मूळ यंत्र शाबूत आहे. मग विंडोजची कळ दाबून व्ही. विंडोज १० च्या ऑक्टोबर २०१८ च्या अपडेटपासून इथे क्लिपबोर्डचा इतिहास दिसतो, शेवटच्या २५ नोंदींपर्यंत. आधी तो एकदा चालू मात्र करावा लागतो. कॉपी केलेली गोष्ट या यादीत आली तर कॉपी झाली, दोष पेस्ट करण्याच्या बाजूला. यादीत आलीच नाही तर दोष कॉपीत. फार साधी परीक्षा आहे, पण ती न करता लोक कीबोर्ड बदलतात.

टायपिंगचं मराठी-कन्नड सॉफ्टवेअर चालू असलं की ते कळा मधेच अडवू शकतं, म्हणून कंट्रोल-सी ऐवजी उजव्या क्लिकनेही कॉपी करून पाहिलं. फरक पडला नाही. कीबोर्ड निर्दोष.

डेस्कटॉपवर नोटपॅडमधलं कॉपी कधी यादीत येई, कधी नाही. विंडोजमध्ये क्लिपबोर्ड एका वेळी एकच प्रोग्रॅम उघडू शकतो. गल्लीतल्या सामाईक नळाला एकीने घागर लावली की दुसरीने थांबायचं, तसं. बहुतेक प्रोग्रॅम क्षणभरात बाजूला होतात, त्यामुळे कुणाला कळतही नाही. एखादा घागर काढायचंच विसरला की बाकीचे सगळे खोळंबतात, आणि एक्सेल तेवढं मोठ्याने बोलून दाखवतो.

कोण अडवतंय? टास्क मॅनेजर उघडून क्लिपबोर्डशी संबंध येऊ शकतो असे प्रोग्रॅम एकेक बंद करत गेलो. रिमोटचा प्रोग्रॅम बंद करताच संदेश थांबला. पुन्हा चालू केला, संदेश परत. हुबळीच्या माणसाने काम आटोपलं होतं, पण सेशन तसंच उघडं होतं. असे प्रोग्रॅम इकडचा क्लिपबोर्ड तिकडच्या क्लिपबोर्डशी जुळवत राहतात, म्हणजे इकडे कॉपी तर तिकडे पेस्ट होतं. सोय आहे खरी. त्याचा दुसरा अर्थ असा की मॅनेजर इथे जे कॉपी करतील ते तिकडच्या मशीनवरही पोहोचू शकतं. मॅनेजरांना हे सांगितल्यावर ते गप्प झाले आणि मग म्हणाले, “परवा मी पासवर्ड कॉपी केला होता की.” पासवर्ड तिथल्या तिथे बदलला.

मजकुराचा कचरा का झाला

ताईंच्या लॅपटॉपवर मात्र कॉपीही होत होतं आणि पेस्टही. जे पेस्ट होत होतं तेच फायलीत खरोखर साठवलेलं होतं! इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण बेळगाव, निपाणी, खानापुरातल्या कुठल्याही डीटीपीवाल्याला, सोसायटीला, शाळेला हे रोज छळतं.

युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी जगभरची पद्धत. तिच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी आणि कन्नड होत्या. पण साध्या टेबलावरच्या विंडोजमध्ये देवनागरी आली २००० साली आणि कन्नड एक्सपीबरोबर २००१ साली. तोवर कामं थांबली नव्हती. लोकांनी इंग्रजी अक्षरांच्या घरात मराठी चित्रं बसवलेले फॉन्ट वापरले. संस्थेच्या फायली कृतिदेवमध्ये. त्यात पडद्यावर ‘मराठी’ दिसतं तेव्हा फायलीत साठवलेलं असतं इंग्रजी ई, जे, के, मोठा बी आणि एच. फॉन्ट लावलेला असेतो सगळं ठीक. कन्नडमध्ये नुडी आणि बरहा या टायपिंग सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमधल्या फायलींचं हेच.

आता कॉपीत काय होतं ते बघा. वर्डमधून कॉपी केलं की क्लिपबोर्डवर एकाच मजकुराची अनेक रूपं ठेवली जातात: फॉन्ट-आकारासकट एक, वेबसाठी एक, आणि नुसत्या अक्षरांचं एक. वर्डमधून वर्डमध्ये पेस्ट केलं की फॉन्टचं नावही सोबत जातं, म्हणून मराठी दिसते. व्हॉट्सॲप नुसती अक्षरं घेतं, म्हणून ई-जे-के-बी-एच बाहेर पडतं. आणि नव्या लॅपटॉपवर कृतिदेव टाकलाच नव्हता, म्हणून तिथे वर्डमध्येसुद्धा तेच. जुन्या मशीनवर ‘कालपर्यंत चालत होतं’ हे ताईंचं म्हणणं अगदी बरोबर होतं.

पर्याय

फॉरमॅटचा विचार आता उरलाच नव्हता. राहिले तीन.

लॅपटॉपवर कृतिदेव टाकून द्यायचा. पाच मिनिटांचं काम, वर्डमध्ये सगळं दिसायला लागलं असतं. छापखान्यालाही हेच हवं होतं. तिथे अजून पानं लावायला पेजमेकर हे जुनं सॉफ्टवेअर चालतं. त्याची शेवटची आवृत्ती ७.० ही २००१ ची आणि तिला मराठी युनिकोड कळत नाही. पण चेअरमनना यंदा अहवाल सभासदांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायचा होता, आणि मुंबई-पुण्यात राहणारे सभासद तो फोनवरच वाचणार होते.

सगळं युनिकोडमध्ये नव्याने टाइप करायचं. ताई इनस्क्रिप्ट कीबोर्डवर मराठी टायपिंग शिकलेल्या, हात चांगला. पण पोटनियम दुरुस्त्या, मनोगत, ठराव, कर्जाची नियमावली हे सगळं चतुर्थीच्या आत होणं अवघड, आणि टाइप करताना आकडे चुकण्याची भीती वेगळी.

तिसरा पर्याय फॉन्ट बदलणारा कन्व्हर्टर वापरून युनिकोड करायचा आणि डोळ्यांत तेल घालून तपासायचा. मी याच बाजूचा होतो. मॅनेजरांनी एक चांगला प्रश्न विचारला: “ऑनलाइन कन्व्हर्टरमदी टाकलं तर आमची माहिती जाणार न्हाई ना कुटं?” जाऊ शकते. म्हणून तिथेच रेघ ओढली. मनोगत, ठराव, नियमावली हे सभासदांना वाटायचंच आहे, ते ऑनलाइन टाकायला हरकत नाही. थकबाकीदारांची आणि ठेवीदारांची यादी कुठल्याही संकेतस्थळावर चिकटवायची नाही. ती नावं ताईंनी हाताने टाइप करायची. काम वाढलं, पण हा निर्णय मी पुन्हा वेळ आली तरी असाच देईन.

छापखान्याशी बोलणं मॅनेजरांनी केलं. पेजमेकरची फाइल देण्याऐवजी आम्हीच पानं लावून, फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ देतो, असं. मालक जरा कुरकुरले, मग “चालंल, पन नंतर दुरुस्ती न्हाई हां” या अटीवर तयार झाले.

कन्व्हर्टरने काय केलं

जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, युनिकोडमध्ये बोलतो त्या क्रमाने. कृतिदेवमध्ये ‘कर्ज’ म्हणजे क, ज आणि शेवटी वरचा रफार. युनिकोडला हवं क, र्, ज. कन्व्हर्टरने रफार मागे ओढला तर ठीक, नाही ओढला तर ‘कजर्’. पहिल्याच पानावर ‘माचर् अखेर’ आणि ‘वाषिर्क सभा’ असं उमटलं. पतसंस्थेच्या अहवालात कर्ज, मार्च आणि वार्षिक हे शब्द किती वेळा येतात याची कल्पना करा. सोपा उपाय असा: वर्डच्या ‘शोधा’ मध्ये र्, आणि त्यापुढे एक मोकळी जागा टाकायची. मराठीत शब्द र् वर संपत नाही, तेव्हा जे सापडेल ते चुकलेलंच. ‘वाषिर्क’ सारखे मधले रफार मात्र वाचूनच पकडावे लागले.

दुसरी चूक अस्सल मराठी. कन्व्हर्टर बहुधा हिंदीसाठी बनवलेला, त्याला आपला ऱ्य ठाऊक नव्हता. ‘शेतकऱ्यांना’ चं सगळीकडे ‘शेतकर्यांना’ झालं. ताईंनी चटकन उपाय केला: र्य शोधा, ऱ्य घाला, ‘सगळे बदला’. एका झटक्यात शेतकरी सुधारले आणि ‘कार्यकारी मंडळ’ चं ‘काऱ्यकारी मंडळ’ झालं. ‘आचार्य’, ‘सूर्य’ हेही त्याच वाटेने गेले. कंट्रोल-झेड केलं, आणि मग एकेक ठिकाणी थांबून ‘बदला’ की ‘पुढे’ असं ठरवत गेलो. वेळखाऊ आहे, पण ‘सगळे बदला’ हे बटण मराठी मजकुरावर दाबताना आधी दहा सेकंद विचार करावा.

कन्नड पान

पीडीएफमधून काही कॉपी होत नव्हतं कारण ते स्कॅन होतं. त्यात अक्षरं नव्हती, अक्षरांचा फोटो होता. पान गुगल ड्राइव्हवर चढवून गुगल डॉक्समध्ये उघडलं तर तो चित्रातली अक्षरं ओळखतो, कन्नडही. निकाल बरा आला, जोडाक्षरांत गडबड होती. पण त्याआधीच एक प्रश्न विचारायला हवा होता: हा लेखापरीक्षकांचा सही-शिक्क्याचा दाखला, तो पुन्हा टाइप कशाला करायचा? अहवालात तो चित्र म्हणूनच जायला हवा. तसाच लावला. कन्नड सूचना तेवढी शाखेतल्या एका कन्नड सहकाऱ्याने युनिकोड नुडीत नव्याने लिहून दिली.

जी अडचण ओरडली नाही

डेस्कटॉपवर कॉपी सुरळीत झाल्यावर मॅनेजर खूश होऊन लाभांशाच्या यादीकडे वळले. यंदा पहिल्यांदाच लाभांश रोखीने न देता सभासदांच्या बँक खात्यात एनईएफटीने पाठवायचा होता. यादी सॉफ्टवेअरच्या अहवालातून कॉपी करून एक्सेलमध्ये चिकटवली होती आणि बँकेला जाणाऱ्या ईमेलला जोडूनही ठेवली होती, पाठवायची बाकी.

ती यादी पासबुकाशी पडताळून बघू, म्हणून पहिल्या काही ओळी घेतल्या. सोळा अंकी खात्यांकडे पाहताना जाणवलं, सगळ्यांचा शेवटचा अंक शून्य.

एक्सेल आकडा म्हणून जे घेतो त्यातले पहिले १५ अंक तेवढे जपतो. सोळावा शून्य होतो. सुरुवातीला शून्य असलं तर तेही गळतं. खाती आधी ‘१.२३ई+१५’ अशी दिसत होती, ते वाईट दिसतं म्हणून कुणीतरी रकान्याचा प्रकार ‘नंबर’ करून दशांश काढून टाकले होते. दिसायला एकदम नेटकी यादी. कुठलाही संदेश नाही, लाल खूण नाही. एनईएफटीत पैसे जमा होतात ते खातेक्रमांकावर, आणि चुकीचा क्रमांक दुसऱ्या कुणाचा खरा क्रमांक निघाला तर लाभांश त्याच्या घरी.

नंतर रकाना ‘टेक्स्ट’ केला तरी गेलेला अंक परत येत नाही; तो त्या फायलीत उरलेलाच नसतो. म्हणून ती फाइल टाकून दिली. कोऱ्या शीटमध्ये आधी रकाना ‘टेक्स्ट’ केला, मगच यादी आणली, आणि पेस्ट करताना ‘इथलं फॉरमॅट ठेवा’ हा पर्याय घेतला. मग क्लार्क ताईंनी वाचायचं आणि मॅनेजरांनी पासबुकाच्या झेरॉक्सवर टिकमार्क करायची, अशी पूर्ण यादी तोंडी जुळवली. जुन्या पद्धतीचं काम आहे, पण पैशाच्या यादीला मी अजून दुसरं काही सुचवत नाही.

निष्पत्ती

पीडीएफ वेळेत छापखान्यात गेली. छापून आलेल्या अहवालात एक ‘खचर्’ राहिलाच, ताळेबंदाच्या टिपेत, आणि सभेत एका निवृत्त गुरुजींनी तो उभं राहून दाखवलाही. लाभांशाची एकही रक्कम परत आली नाही. गटावर टाकलेलं मनोगत पुण्या-मुंबईच्या सभासदांना फोनवर वाचता आलं.

मॅनेजरांच्या मशीनवर क्लिपबोर्डचा इतिहास बंद ठेवला आहे, कारण तिथे खातेक्रमांक आणि पासवर्ड फिरतात. ताईंच्या लॅपटॉपवर चालू आहे. त्यांना मनोगताचे तुकडे पुन्हापुन्हा लागतात, आणि मशीन पुन्हा सुरू केलं की पिन केलेल्या नोंदी सोडून बाकीच्या जातातच. हुबळीच्या माणसाला आता काम झालं की मॅनेजरांसमोर सेशन बंद करायला सांगितलं जातं. तो कधी विसरतो. मग मॅनेजर स्वतः बंद करतात.

वेगळं काय करता आलं असतं

नवा लॅपटॉप घेतला त्याच दिवशी जुन्या मशीनवरचे फॉन्ट काय आहेत हे बघायला हवं होतं. फोल्डर पेनड्राइव्हवर घेणाऱ्याला ते सुचत नाही, विकणाऱ्याने विचारावं.

कामाचा क्रमही उलटा हवा होता. सगळा जोर अहवालावर, कारण तिथे पडद्यावर कचरा दिसत होता आणि छापखान्याची तारीख डोक्यावर होती. पैशाची यादी शेवटी, कारण ती ‘झालेली’ होती. कॉपी-पेस्टची तक्रार आली की बँकेला जाणारं काय आहे हे आधी मागून घ्यावं आणि ते मूळ कागदाशी ताडावं, मग बाकीचं.

मागच्या वर्षांचे अहवाल, पोटनियम आणि कर्जाचे नमुने अजून कृतिदेवमध्येच आहेत. ते बदलायचे का, आणि त्याचे पैसे कुठल्या खर्चात टाकायचे, हा विषय संचालक मंडळाने पुढच्या बैठकीवर ठेवला आहे. मी त्यांना एवढंच कळवलं की नमुने आधी घ्या, ते दर आठवड्याला लागतात. जुनी मनोगतं शोधत कुणी येत नाही.